नंबर एकच, नंबर कोणाचा?

घर आणि दुकान एकाच छपराखाली असलेल्या कुटुंबांना फोनच्या टेबलावरचा तो संसार नक्की आठवत असेल. १९९०च्या दशकाची अखेर आणि २०००नंतरची पहिली काही वर्षे. शहापूर, वडगाव, खडेबाजार किंवा उद्यमबागेच्या आसपासच्या अशा घरांत एकाच तारेवर तीन यंत्रे नांदत असत. विणलेला रुमाल पांघरलेला फोन, त्याच्या शेजारी गुंडाळीचा कागद घालायचे फॅक्स मशीन आणि भिंतीच्या कडेने खिळे मारत मुलांच्या खोलीत नेलेल्या वायरच्या टोकाला संगणकाचा मोडेम. नंबर मात्र एकच. लेटरहेडवर 'फोन/फॅक्स' असे लिहून पुढे ०८३१चा तो एकच आकडा छापलेला असे.

आजची मुले विचारतात, "मग दुसरी लाइन का नाही घेतली?" प्रश्न रास्त आहे. पण त्याआधीची कित्येक वर्षे फोनसाठी नाव नोंदवायचे आणि वाट पाहायची, हाच रिवाज होता. जादा अनामत भरून 'ओवायटी' वर्गात नाव घातले तर नंबर जरा लवकर लागायचा. पुढे एक्स्चेंजे वाढली, यादी आटली, पण दुसऱ्या लाइनचे भाडे बिलात दिसणारच होते. तेव्हा 'आहे त्यात भागवा' हा निकाल घरातल्या मोठ्यांनी दिलेला असे. तो भागवाभागवीचा कारभार जरा उलगडून पाहण्यासारखा आहे. तार कोणाला कधी मिळते, यावरून घरात कोणाचा शब्द किती वजनाचा, हे बाहेरच्या माणसालाही कळत असे.

आधी तारेचे गणित पाहू. खांबावरच्या डीपी बॉक्सपासून घरातल्या रोझेटपर्यंत यायची ती तांब्याची एक जोडी. फोन ठेवलेला असताना त्या जोडीवर एक्स्चेंजकडून साधारण ४८ व्होल्टचा दाब असतो. रिसीव्हर उचलला की प्रवाह वाहू लागतो, दाब एकदम खाली येतो आणि एक्स्चेंजला समजते, की या घरात कोणीतरी फोन उचलला. कोणी उचलला, फोनने की फॅक्सने की मोडेमने, हे एक्स्चेंजला कळत नाही आणि कळायची गरजही नसते. त्याच्या दृष्टीने घर एक, नंबर एक.

एकाच जोडीवर दोन-तीन यंत्रे लावायची साधी रीत म्हणजे 'पॅरलल'. लाइनमन किंवा ओळखीचा इलेक्ट्रिशियन वायर पुढे ओढून देई. पण एका वेळी दोन रिसीव्हर उचलले, की तोच प्रवाह दोघांत वाटला जातो आणि आवाज बारीक होतो. घंटा वाजवण्यासाठी एक्स्चेंज वेगळा, मोठ्या दाबाचा प्रवाह पाठवते. तीन-चार यंत्रांच्या घंटा त्यावर पोसल्या, की सगळ्याच मरगळल्यासारख्या वाजतात. आणि एखादा रिसीव्हर चुकून तिरका राहिला, तर सारे घरच जगाच्या लेखी 'एंगेज'.

तिन्ही यंत्रांचे स्वभाव वेगळे होते. मोडेमला घरी सहसा कोणाचा फोन येत नसे. तो स्वतः फोन लावायचा आणि तासन्‌तास तार अडवून बसायचा. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि लहान शहरांत ते याच फोनच्या तारेवरून आले. ५६ के नावाच्या मोडेमला प्रत्यक्षात सेकंदाला चाळीसेक किलोबिट मिळाले तरी नशीब. म्हणजे एक मेगाबाइटचा एखादा लग्नातला फोटो उतरायला तीन मिनिटांहून जास्त वेळ. त्यात कोणी दुसऱ्या खोलीत रिसीव्हर उचलला, की संपले. मोडेम सगळा मजकूर आवाजात बदलून पाठवत असतो. मध्येच तारेवर दुसरे यंत्र आले, की तो आवाज क्षीण होतो, वर माणसाचे "हलो, हलो" त्यात मिसळते आणि जोडणी तुटते. कॉल वेटिंग घेतलेल्या घरात तर बाहेरून आलेल्या फोनचा तो बारीकसा 'टुंग' आवाजही पुरेसा होता. मग आतल्या खोलीतून ओरड, "कुणी उचलला फोन? परत पहिल्यापासून आलं की!"

फॅक्सचा प्रश्न वेगळा. त्याचे काम पानाला एखादे मिनिट चाले, पण त्याला येणारा फोन माणसासाठी आहे की आपल्यासाठी, हे आधी कोणीतरी ओळखायला हवे. फॅक्स पाठवणारे यंत्र दर साडेतीन सेकंदांनी एक शिट्टी देते. ११०० हर्ट्झची, अर्ध्या सेकंदाची. घेणारे यंत्र त्याला २१०० हर्ट्झच्या लांब शिट्टीने होकार देते. घरात फोन उचलणाऱ्या आजीला ही शिट्टी कानात बसलेली असे. "तुमचं कीऽऽ करणारं आलंय बघ रे," म्हणून ती हाक मारी, आणि दुकानातून कोणीतरी धावत येऊन स्टार्टचे बटण दाबी.

हे ओळखायचे काम करणारा एक स्वयंचलित डबाही मिळत असे. काही फॅक्स मशीनमध्ये तो आतच बसवलेला असे. फोन आला की डबा स्वतः तो उचलतो, काही सेकंद कान देतो, शिट्टी ऐकू आली तर फॅक्सकडे वळवतो, नाही आली तर घरातला फोन वाजवतो. ऐकायला छान. पण गोम अशी, की डब्याने उचलले म्हणजे एक्स्चेंजच्या हिशेबी फोन उचलला गेला. समोरच्याचे मीटर तेव्हापासून धावू लागते. घरात कोणी नसले, तरी एसटीडीचे पैसे पडतातच. नुसते "पोचलो" एवढे कळवायला दोन घंटा देऊन फोन ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हा डबा परवडणारा नव्हता. शिवाय जुन्या यंत्रावरून हाताने नंबर फिरवून पाठवणाऱ्याची शिट्टी येतच नसे, मग डबा फॅक्सलाही माणूस समजे. एकूण, आजीच बरी.

फॅक्सची एक गोष्ट मात्र आपल्यासारख्या दुभाषी भागाने विसरू नये. फॅक्सची कल्पना फोनहूनही जुनी. अलेक्झांडर बेनचे पेटंट १८४३चे, तर बेलच्या टेलिफोनचे १८७६चे. फॅक्स अक्षरे पाठवत नाही, पानाचे चित्र पाठवतो. त्यामुळे त्याला मराठी काय, कन्नड काय, सारखेच. ईमेल आले तेव्हा देवनागरी आणि कन्नड टाइप करणे म्हणजे फॉन्टचा घोळ होता. इकडे एका फॉन्टमध्ये लिहिलेले तिकडे तोच फॉन्ट नसला, की चिन्हांचा कचरा दिसायचा. युनिकोड सर्रास वापरात यायला बरीच वर्षे गेली. त्या काळात तालुक्याचे वार्ताहर हाताने लिहिलेली बातमी फॅक्सने धाडत, व्यापारी कन्नडमधली यादी आणि मराठीतला हिशेब एकाच कागदावर पाठवत, आणि लग्नपत्रिकेचा मजकूर छापखान्यातून तपासायला फॅक्सवरच येई. फक्त तो कागद उष्णतेने काळा होणारा, म्हणून काही महिन्यांत अक्षरे फिकी पडत. महत्त्वाच्या कागदाची लगेच झेरॉक्स काढून ठेवणारा माणूस घरात शहाणा समजला जाई.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पाळी कोणाची? दिवसभर तार दुकानाची. तेव्हा घरातल्यांनी फोन केला, तर "लाइन मोकळी ठेवा, फॅक्स यायचाय" हे ऐकावे लागे. संध्याकाळी मोठ्यांचे फोन. रात्री जेवणे उरकली की मुलगा मोडेम जोडून बसे, अभ्यासासाठी म्हणून. या वेळापत्रकात एका माणसाचे नाव कुठेच नसे. ते म्हणजे घरातली सून.

आपल्या भागातल्या सोयरिकी सीमेच्या दोन्ही बाजूंना. बेळगावची लेक गडहिंग्लजला, कोल्हापूरला, सांगलीला. धारवाडची, गोकाकची मुलगी बेळगावच्या मराठी घरात. माहेर म्हणजे बहुतेक वेळा एसटीडी. आणि एसटीडीचे दर रात्री उतरत, आधी निम्मे, उशिरा पाव. माहेरची माणसे काटकसरीने रात्रीच फोन लावत. नेमक्या त्याच वेळी इकडे तार मोडेमने अडवलेली. तिकडे धारवाडात आई रिसीव्हर कानाला लावून बसलेली, "एष्टोत्तिंद एंगेज बराकत्तैति" म्हणत पुन्हा पुन्हा नंबर फिरवणारी. एंगेजचा आवाज कारण सांगत नाही. गप्पा चालल्यात, नेट चालू आहे, की कोणाला बरे नाही म्हणून धावपळ आहे, काही कळत नाही. ज्यांचे माणूस दूर असते, त्यांचे मन नेमके वाईटाकडेच धावते.

बरे, फोन लागला तरी बोलायचे कसे? "आराम अदि?" या प्रश्नाला "आराम अदेनि" एवढेच उत्तर, कारण टेबल बैठकीच्या खोलीत. अन्य ठिकाणी सुना माहेरच्या भाषेचा आडोसा करतात. आपल्याकडे तोही नाही, कारण सासूबाईंना कन्नड येते, मामंजींना येते, दुकानातल्या पोऱ्यालाही येते. त्यातून पॅरललचा धाक. आतल्या खोलीत कोणी हळूच रिसीव्हर उचलला, की आवाज बारीक व्हायचा. वर सांगितलेले ते प्रवाहाचे गणित या बायकांना कोणी शिकवले नव्हते, पण आवाज उतरला की विषय बदलायचा, हे त्यांना पक्के ठाऊक होते. "पाऊस काय म्हणतो तुमच्याकडे?" हे वाक्य पुष्कळदा पावसासाठी नसे.

बाहेर जाणाऱ्या फोनवरही पहारा असे. जुन्या गोल डायलच्या फोनला छोटे कुलूप मिळायचे, ते एका छिद्रात बसवले की डायल फिरत नसे. पुढे बटणांचे फोन आल्यावर एसटीडी लॉकचा आकडा आला, तो घरातल्या एकाच माणसाला माहीत. मुलांनी कुलपावर तोड शोधली होती. डायल म्हणजे तरी काय, तार ठराविक वेळा तोडायची आणि जोडायची. मग रिसीव्हर ठेवायची खुंटी त्याच लयीत दाबली की काम झाले. चार आकड्याला चार टिचक्या, शून्याला दहा. ही हिकमत घरातल्या मुलग्यांना हमखास ठाऊक असे. सुनेने कधी खुंटी टिचकावल्याचे ऐकिवात नाही. ती कोपऱ्यावरच्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर जाई, भाजीच्या पैशांतून.

तारेची भांडणे मिटवायला आणखी एक लहानसा डबा मिळे. ज्याने आधी उचलले त्याचीच तार, बाकीची यंत्रे तेवढ्यापुरती मुकी. उचलल्यावर दाब खाली येतो, एवढ्यावरच त्याची सारी अक्कल चाले. दाब उतरलेला दिसला, की डबा उरलेल्यांना तारेवर येऊच देत नसे. मोडेम तुटू नये म्हणून तो मुलासाठी आणलेला असे. पण त्याने एक काम न सांगता केले. आता फोनवर बोलणाऱ्या बाईचे बोलणे दुसऱ्या खोलीतून ऐकता येईना. घरातली सत्ता कोणी भाषणाने बदलत नाही. कधी कधी एखादा स्वस्तातला डबा थोडी हलवून जातो.

मग ब्रॉडबँड आले. बीएसएनएलने आपली ब्रॉडबँड सेवा जानेवारी २००५मध्ये सुरू केली, आणि रोझेटशेजारी स्प्लिटर नावाची पांढरी डबी बसू लागली. तिच्यात येणारी तार एक, जाणाऱ्या दोन, एक फोनला आणि एक मोडेमला. माणसाचा आवाज ४ किलोहर्ट्झच्या आत मावतो. इंटरनेटला त्याच तांब्यावर २५ किलोहर्ट्झच्या वरचा पट्टा दिला. एकाच रस्त्यावर खालून बैलगाडी आणि वरून पूल काढून मोटारी, तसे. फॅक्स मात्र फोनच्याच बाजूला लावावा लागे, त्यामुळे त्या दोघांची पाळी कायम राहिली. आणि एखादा पॅरलल फोन डबीच्या आधीच जोडलेला असला, तर त्यावर खरखर आणि नेटला आचके. लाइनमन आला की आधी तेच पाही.

म्हणजे एक तार वाटून घ्यायच्या रीती तीन झाल्या. पाळी लावणे, कोणासाठी आहे हे ओळखून वळवणे, आणि प्रत्येकाला वेगळा पट्टा देणे. यंत्रांनी तिन्ही शिकून घेतल्या. घरांना बहुतांशी पहिलीच जमली, तीही ज्याचा आवाज मोठा त्याची पाळी आधी, या नियमाने. पुढे मोबाइल आले, प्रत्येकाच्या हातात आपापला नंबर आला. सुनेला माहेरी बोलायला कोणाला विचारायचे कारण उरले नाही. आम्ही म्हणालो, सुटला एकदाचा प्रश्न.

तो सुटलेला नव्हता, हे २०२०ने दाखवले. मार्चपासून शाळा बंद, वर्ग मोबाइलवर. ज्या घरात स्मार्टफोन एकच, तिथे सकाळी तो वडिलांबरोबर कामावर जायचा. संध्याकाळी घरी आला की दोन-तीन मुले, एक पडदा, आणि पुन्हा तेच, पाळी कोणाची? दहावीचा दादा आधी, इंग्रजी माध्यमातला धाकटा नंतर, आणि मराठी किंवा कन्नड शाळेतली मधली मुलगी? "तुझं काय, मैत्रिणीची वही आणून उतरवून घे." ज्यांच्याकडे साधनच नाही अशा मुलांसाठी कर्नाटकात त्या वर्षी 'विद्यागम' योजनेखाली शिक्षकांनी गावात जाऊन गटागटाने शिकवले. शिक्षक दारापर्यंत आले. दाराच्या आतली पाळी ठरवणे घरच्यांच्याच हाती होते.

आजही ही गोष्ट संपलेली नाही. फक्त तार बदलली. महिन्याच्या डेटाची मर्यादा, एकाच फोनवर आलेला बँकेचा ओटीपी, घरातला एकुलता लॅपटॉप, एवढेच कशाला, गॅसची एक शेगडी आणि सकाळची न्हाणी. जिथे वस्तू एक आणि माणसे चार, तिथे कोणीतरी गप्प बसून आपली पाळी सोडत असतो. तो बहुधा रोज तोच असतो.

म्हणून दोन व्यवहाराच्या सूचना, हा स्तंभ घरगुती असल्यामुळे. पहिली तारेची. आता बऱ्याच ठिकाणी तांब्याची जोडी काढून फायबर येत आहे. तांब्याच्या तारेवर फोनला वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून मिळे, म्हणून घरात लाइट गेली तरी साधा फोन चालू राही. फायबरवरचा फोन घरातल्या विजेवर चालतो. लाइट गेली की तोही गेला. घरात एकटी म्हातारी माणसे असतील आणि त्यांची सारी भिस्त त्या फोनवर असेल, तर फायबरच्या यंत्राला लहानसा बॅटरी बॅकअप लावून घ्या. त्यांच्या उशाशी एक साधा मोबाइलही चार्ज करून ठेवा, मुलांचे नंबर त्यात भरून.

दुसरी पाळीची. घरात जी वस्तू एकच आहे, तिच्या वेळा एकदा सगळ्यांना बसवून ठरवा आणि कागदावर लिहून भिंतीला लावा. लिहिताना सुरुवात मागणाऱ्यापासून करू नका. जो मागत नाही, त्याला आधी विचारा, "तुला कधी हवाय?" उत्तर चटकन येणार नाही. सवय नसते. थोडे थांबा, आणि ज्या भाषेत त्याला मोकळे वाटते त्या भाषेत पुन्हा विचारा.